रिकाम्या चिलमीची शाळा

तुरीचा हडंबा सुरू झाला की मी घराच्या खिडक्या लावून घेतो. घरची मंडळी हसतात. बाहेर जानेवारीचं कोवळं ऊन, ओसरीवर बसून हरभऱ्याची भाजी निवडावी अशी सकाळ, आणि हा माणूस कड्या घालत घरभर फिरतोय. आवाजाचा त्रास होतो, असं मी सांगतो. ते खोटं आहे. आवाज मला फार आवडतो. मास्तरकीची तीस वर्षं मी आवाजावरच काढली. वर्गातला माझा आवाज तीन भिंती ओलांडून जायचा, गॅदरिंगच्या नाटकात मला माईक लागायचा नाही, आणि बायको म्हणते, मी जेवताना मीठ मागितलं तर शेजारचे वाटी घेऊन येतात. माझी भीती वेगळी आहे. त्या धडधडीखाली एखादा बारीक आवाज दबून गेला आणि मला ऐकूच आला नाही तर?

तो बारीक आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. दाराच्या फटीतून वारा शिरताना होते तशी शीळ. फक्त ती दारातून येत नाही, लेकराच्या छातीतून येते.

हडंबा म्हणजे आमच्याकडचं मळणीचं यंत्र. ट्रॅक्टरला जोडायचं, वरून वाळलेली तूर कोंबायची. खालून दाणे पडतात आणि बाजूच्या तोंडातून भुसकट उडतं. तुरीचं भुसकट मोठं उर्मट. ज्वारीचं कसं, झटकलं की जातं. हे पिवळसर, बारीक, खाजरं पीठ गळपट्टीतून आत शिरतं, भाकरीवर बसतं, माठातल्या पाण्यावर साय धरतं. सूर्याकडे पाहिलं तर सूर्यसुद्धा भुसकटातून काढल्यासारखा दिसतो. मोठ्या माणसाला चार शिंका येतात. दमा असलेल्या लेकराचं तेवढ्यावर भागत नाही.

कुशावर्ता, आमची कुशी, ही माझी पाचवीतली विद्यार्थिनी. ताडकळसपासून कोसभरावर आमचं गाव, चार खोल्यांची शाळा, आणि शाळेच्या मागच्या भिंतीला लागून कुशीच्या बापाचं, मारोतीचं, खळं. पोर दहा वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र टपोरे. पाढे असे म्हणायची की ऐकणाऱ्याला ताल धरावासा वाटे. मात्र सातच्या पाढ्यात मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला, की मला कळायचं, आज हवा बरी नाही.

तिच्या दम्यावर सगळे इलाज झाले होते. अडुळशाचा काढा झाला, छातीला तेल चोळून रुईच्या पानांचा शेक झाला, मृगाला हैदराबादेला नेऊन माशातलं औषध झालं. मासा पोटात गेला, दमा छातीत राहिला. शेवटी दिवाळीनंतर मी मारोतीला म्हणालो, आपण परभणीच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर. मी येतो म्हणजे काय, मीच पुढं.

डॉक्टर भले माणूस होते, पण बाहेर पेशंटची रांग पार जिन्यापर्यंत गेलेली. त्यांनी एक छोटी प्लास्टिकची नळी काढली, तिच्यात कॅप्सूल बसवली, कर्रकन फिरवली. हा दम्याचा पंप, यातली पावडर सरळ छातीत जाते, म्हणाले. मग कसं घ्यायचं ते सांगितलं. अर्ध्या मिनिटात. वर विचारलं, समजलं ना?

आता आमच्याकडे एक रीत आहे. डॉक्टरनं, तहसीलदारानं किंवा व्याह्यानं विचारलं, समजलं ना, तर उत्तर एकच असतं. मारोती म्हणाला, समजलं. कुशी म्हणाली, समजलं. आणि मी, शिकलेला माणूस, दोघांपेक्षा मोठ्यानं म्हणालो, समजलं. खरं सांगायचं तर डॉक्टर बोलत होते तेव्हा मी मान डोलवण्यात गुंतलो होतो. मान कशी डोलवावी, भुवई कधी उचलावी, म्हणजे समोरच्याला वाटेल की हा सगळं जाणतो, ही माझी जुनी विद्या. त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या ध्यानात राहिला: जोरात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्रयोग लावला. प्रयोगच तो. टेबल पुढं ओढलं, कुशीला त्यावर उभं केलं, पंप दोन बोटांत धरून चारी दिशांना दाखवला, आणि पोरांना सांगितलं की हे यंत्र आपल्या कुशावर्ताच्या छातीतल्या राक्षसाला पळवणार आहे. मग तिला म्हणालो, तोंडात धर, आणि जोरात. कुशीनं तोंडात धरला आणि जोरात फुंकला.

ती फुंकणारच होती. रोज पहाटे घरची चूल तीच पेटवायची. तोंडाला लावायची एकच नळी तिला ठाऊक होती, ती म्हणजे फुंकणी. पंपाच्या दुसऱ्या तोंडातून पांढऱ्या पावडरीचा झोत उडाला, उन्हाच्या पट्ट्यात तरंगला, आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. राक्षस बाहेर पडताना आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

त्यानंतर दोन महिने हाच खेळ चालला. दम थोडा लागला की कुशी पंप काढायची, पोरं सरसावून बसायची. झोत मोठा निघाला तर टाळ्या मोठ्या. कुशी अभिमानी पोर, ती रोज अजून मोठा झोत काढायला लागली. तिचा साधा दम थोड्या वेळानं आपसूक बसायचा, श्रेय पंपाला जायचं आणि पंपाच्या मागून मला. औषधाचा एक कणही तिच्या छातीत पोचत नव्हता, हे आज लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग चौऱ्याण्णवचा जानेवारी आला. संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. सोळा वर्षं धुमसत आलेला प्रश्न. एका वस्तीत पेढे वाटले, दुसऱ्या गल्लीत दारं लागली. पेढे मलाही आले, मी दोन खाल्ले, आणि त्यावरून आठवडाभर काही जणांनी मला रामराम घातला नाही. गावात सगळेच हळू आवाजात बोलायला लागले. यष्टी आली तर आली. चौकात पोलिसांची गाडी उभी दिसली की म्हातारी माणसं उगीच घरातली भांडी वाजवायची, काही घडत नाही असं दाखवायला. त्या दिवसांत संध्याकाळपर्यंत कुणाचं माणूस परतलं नाही की अख्खी गल्ली दारात उभी राहायची.

मारोती त्या आठवड्यात माझ्याकडे येऊन गेला. पंपानं गुण येईना, म्हणाला. रात्री पोरगी बसून काढते. तूर निघाली की तिला मामाकडं धाडतो, तिथं काळी माती नाही, धूळ कमी. आणि शाळेचं, मी विचारलं. शाळेचं मग बघू. मी त्याला मोठ्या आवाजात धीर दिला. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि जाताना एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुमी म्हणालाव म्हून ही पुंगी ठेवली. एक डाव बगतो, न्हाईतर हिरीत टाकतो."

मारोतीची तूर ज्या दिवशी निघायची होती त्या दिवशी यष्टी नव्हती. आदल्या दिवशीही नव्हती. सकाळी दहाला भिंतीपलीकडे हडंबा धडधडला आणि पहिल्या पाच मिनिटांत फळा पिवळा झाला. मी खिडक्या लावल्या. शाळेच्या खिडक्या त्या, चारपैकी दोनच लागायच्या. मी फळ्यावर भागाकार घातला आणि त्या आवाजावर मात करायची म्हणून दुप्पट आवाजात शिकवायला लागलो. म्हणून ती शीळ मला ऐकू आली नाही. दिसलं मात्र. कुशी पुढच्या रांगेत ताठ बसली होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून, खांदे कानांपर्यंत उचललेले. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत जायचा. ती माझ्याकडे पाहत होती, आणि पाणी मागावं तसं तिनं ओठांनी काही म्हटलं.

मी तिला उचलून त्यातल्या त्यात कमी धुळीच्या कोपऱ्यात नेलं. दोन पोरांना खळ्याकडे पळवलं, हडंबा थांबवा म्हणून. पंपाच्या डबीत पाच कॅप्सूल होत्या. पहिली बसवली. कुशीनं पंप तोंडाला लावून उरलासुरला श्वास पणाला लावला. पांढरा झोत निघाला. मागं दोन-चार पोरांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मी थांबलो. काही नाही. शीळ चढली. दुसरी बसवली. झोत निघाला. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कुशीच्या ओठांचा रंग मला आवडला नाही.

हडंबा थांबला. एकाएकी इतकी शांतता झाली की सगळ्या वर्गाला तिची छाती ऐकू आली. पोरं भिंतीला सरकली. 

मारोती धावत आला, केसांपासून पायांपर्यंत भुसकटानं माखलेला. त्याच्यामागं त्याचा बाप, दगडूआबा. आबा सत्तरीचा, वाळल्या शेंगेसारखा म्हातारा. त्याच्या पटक्यात चिलीम आणि चिलमीत जीव, असं गाव म्हणायचं. शाळेच्या उंबऱ्याच्या आत तो कधी आला नव्हता. मारोतीनं माझ्या हातातला पंप हिसकावला. ट्रॅक्टर सोडवतो, म्हणाला, परभणीला नेतो. रस्ता चालू आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. चालू असला तरी ट्रॅक्टरनं दोन तास, उघड्या ट्रॉलीत, गार वाऱ्यात. कुशीजवळ दोन तास आहेत असं तिच्याकडे पाहून वाटत नव्हतं.

कुशीनं बापाच्या हाताकडे हात केला. तिला पंप हवा होता. बापानं दिला, मी तिसरी कॅप्सूल बसवली, आणि ती तोंडाला लावणार तोच आबा खाली वाकून बघायला लागला. झोत उडाला तो थेट त्याच्या मिशीवर. त्यानं मिशी पुसली, बोटाला लागलेली पावडर बघितली.

"मास्तर," तो म्हणाला, "पोरगी फुकायलीय."

मला कळेना. आबा माझ्याकडे असं बघत होता, जसा मी चुकलेल्या भागाकाराकडे बघतो.

"चूल पेटवायलीय का ती? दवा आत जायला पायजे का भाईर?"

त्या क्षणी डॉक्टरांचं सगळं अर्धं मिनिट माझ्या कानात परत आलं. श्वास पूर्ण बाहेर सोड. तोंडात धर. जोरात आत ओढ. रोखून धर. शब्दनशब्द. इतके दिवस ते कुठं बसले होते, देव जाणे. मी तोंड उघडलं, पण आबानं हात वर केला आणि मी गप्प बसलो. मारोतीला त्यानं बाहेर काढलं, अंगावर खळं घेऊन पोरीपुढं उभा राहू नको म्हणून. मग मांडी घालून कुशीसमोर बसला, पटक्यातून चिलीम काढली, तिच्या बुडाला गुंडाळलेलं साफीचं ओलं फडकं सोडून खिशात घातलं, आणि चिलीम तळहातावर दोनदा आपटली. थोडी राख पडली ती पायानं लांब सारली.

"कुशे. हिकडं बग. आबा चिलीम कशी वडतो?"

तिनं हे हजार वेळा पाहिलं होतं. आबाच्या मांडीवर बसून, खळ्यावर, बाजारातून येताना. तिनं मान हलवली.

"तसंच वडायचं. पर आदी रिकामी हो. भरल्या घागरीत पानी कसं वतावं? सोड, समदं सोड."

दम्याच्या लेकराला श्वास सोडणंच जड जातं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो स्वतः गाल न फुगवता, ओठ बारीक करून हळूहळू रिकामा होत गेला, आणि तीही त्याच्या चेहऱ्याकडे बघत, अडखळत, थोडी थोडी रिकामी झाली. त्यानं रिकामी चिलीम मुठीत धरली, डोळे मिटले, मान किंचित वर केली आणि ओढली. त्याचं पोट भात्यासारखं वर आलं. तो थांबला. एक बोट वर करून थांबला. मग नाकानं सोडलं.

मी चौथी कॅप्सूल बसवली. ती दोनदा माझ्या हातून खाली पडली. कुशीनं ओढली आणि तिला खोकला आला. अर्धी आत, अर्धी बाहेर. आबा म्हणाला, पहिल्या दमाला मलाही ठसका लागला होता, माझ्या बापानं मुस्काटात दिली होती, मी तुला देत नाही, परत ओढ. तिनं परत ओढली, उरलेली. परत. मग पाचवी.

त्या पाचव्या कॅप्सूलच्या वेळी मी बघत होतो ते पंपाचं दुसरं तोंड. तिथून काहीच निघालं नाही. कुशीनं डोळे मिटले, मान वर केली, अगदी आबासारखी, आणि एक बोट वर धरलं. झोत नाही, धूर नाही. उन्हाच्या पट्ट्यात नुसतं भुसकट तरंगत होतं. मागच्या रांगेत कुणीतरी टाळीसाठी हात उचलले होते ते तसेच राहिले, कारण टाळी वाजवावी असं काही दिसलंच नव्हतं.

मी मनात मोजत होतो. सात, आठ. तिनं सोडलं.

त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं कशी गेली याचं वर्णन मला जमणार नाही, आणि मला वर्णन जमणार नाही असं म्हणण्याची वेळ माझ्यावर सहसा येत नाही. बाहेर मारोती ट्रॅक्टरचा पट्टा सोडवत होता, पान्याचा आवाज येत होता. आत पंचवीस पोरं एका पोरीच्या गळ्याखालच्या खड्ड्याकडे बघत होती. तो आधी खोल होता. मग जरा उथळ झाला. खांदे कानांपासून सुटले. शीळ होती, पण आता दूरच्या गल्लीतली.

सकाळपासून कुशी एका वेळी एकच शब्द बोलत होती. आता तिनं आबाच्या मुठीकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि एका श्वासात म्हणाली, "आबा, तुमच्या चिलमीचा लय घान वास यायलाय."

आबा हसला नाही. त्यानं पटका डोळ्यांवर ओढून घेतला.

परभणीला आम्ही तरीही नेलंच. रस्ता दुपारी मोकळा होता; वाटेत पोलिसांनी ट्रॉलीत डोकावून पाहिलं, गोधडीतून दोन टपोरे डोळे दिसले, जा म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली, नव्या कॅप्सूल दिल्या आणि मग तिला पंप घेऊन दाखवायला सांगितलं. मी दाराआड उभा राहिलो. कुशीनं पंप तळहातावर दोनदा आपटला, रिकामी झाली, ओढलं, बोट वर केलं. डॉक्टर म्हणाले, वा, मोठ्या माणसांनाही असं जमत नाही, कुणी शिकवलं? तिनं आबाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी आबाकडे नीट पाहिलं. मग त्याच्या जवळ जाऊन वास घेतला आणि हळूच सांगितलं, बाबा, शिकवलंत छान, पण हिच्या घरात धूर नको. चिलमीचा नको, चुलीचाही जमेल तेवढा लांब ठेवा.

मला वाटलं, आता आबा काहीतरी फटकारणार. माझी हसण्याची तयारी होती. त्यानं पटक्यातून चिलीम काढली. परतताना ट्रॉलीत पूर्ण वेळ ती चिलीम उलटी धरून बसला होता.

पुढच्या आठवड्यापासून फुंकणी कुशीच्या आईकडे गेली. आणि शनिवारी सकाळच्या शाळेत आबा हजर झाला. आसपासच्या वाड्यांतली तीन लेकरं होती दम्याची, डॉक्टरांनी पंप दिलेली आणि फुंकणारी. त्यांना समोर बसवून तो चिलीम तळहातावर दोनदा आपटायचा. तंबाखू नाही, साफी नाही, आग नाही. रिकामी हो. ओढ. थांब. माझं काम एकच होतं, मागं उभं राहून गप्प बसायचं. एवढी अवघड भूमिका मी कुठल्याच गॅदरिंगला केलेली नाही. आबानं चिलीम खरंच सोडली का? मी त्याला बांधाआड दोनदा पकडला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो तिथं नुसताच बसला होता, रिकामी चिलीम मुठीत धरून, डोळे मिटून, आणि एक बोट वर. मी पाय न वाजवता परत आलो.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुशावर्ता राणीसावरगावला दिली आहे, तिथल्या अंगणवाडीत शिकवते. संक्रांतीला माहेरी आली की तिळगूळ द्यायला माझ्याकडे येते आणि लावलेल्या खिडक्यांवरून माझी थट्टा करते. सर, तुमचं घर आहे का बियाण्याची कोठी, म्हणते. या वर्षीही म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या रानात हडंबा धडधडला. तिनं बोलणं थांबवलं आणि पर्समधून पंप काढला. आता नवा पंप आलाय, दाबायचा, त्याला आपटायची काही गरज नाही. तरी तिनं तो तळहातावर दोनदा आपटला. या दोनदा आपटण्याला डॉक्टरी विद्येत काडीचा अर्थ नाही. तिनं सगळा श्वास सोडला, पंप तोंडाला लावला, मान किंचित वर केली.

खोलीत काहीच दिसलं नाही. एक बोट वर होतं. मी तोंड मिटून दहापर्यंत मोजत बसलो.